बिनब्रेकची पाहणी

सायकलचे ब्रेक घर्षणावर चालतात, हे मी नववीच्या मुलींना दरवर्षी शिकवते. दोन गुणांचा प्रश्न आहे आणि बहुतेकींना दोन्ही गुण मिळतात. घर्षण नाहीसं झालं तर काय होईल, हा उपप्रश्नही मी पूर्वी विचारत असे. हल्ली विचारत नाही, कारण सगळ्या वर्गाला त्याचं उत्तर माझ्या नावासकट पाठ आहे.

औंढ्याच्या आमच्या शाळेतली मुलांची सहल दरवर्षी सिद्धेश्वरच्या धरणावर जाई. मुलींची जात नसे. का जात नसे, हे कोणी सांगत नसे, कारण कोणी विचारत नसे. आजूबाजूच्या वाड्यांतून रोज सायकल मारत शाळेत येणाऱ्या या मुली. दहावी झाली की त्यांच्या सायकली धाकट्या भावांकडे जात आणि मुली सासरी. धरण त्यांनी भूगोलाच्या पुस्तकात पाहिलं होतं. २००४ सालच्या दिवाळीनंतर मी विचारलं, की नववीच्या मुलींना सायकलवर सिद्धेश्वरला नेऊ का.

संस्थेचे सचिव संपतराव यांना नाही म्हणायला आवडत नाही. ते अटी घालतात.

"मोठ्या रस्त्यानं न्हाई हां बाई. ट्रक पळतेत."

"मग डोंगरातून नेते. तांड्यावरून वाट आहे."

इथे विषय संपेल असा त्यांचा अंदाज असावा. तो चुकल्यामुळे कार्यकारिणीची बैठक बोलवावी लागली. आत दोनदा चहा गेला. शेवटी संपतराव बाहेर आले आणि त्यांनी निर्णय सांगितला: आधी एका शिक्षिकेनं त्या वाटेची पाहणी करावी.

"सायकलवर जायचं, सायकलवरच यायचं. जीप न्हाई, टेम्पो न्हाई, बैलगाडी न्हाई. दिवस मावळायच्या आत शाळेच्या दारात पायजे. दुसऱ्याच्या गाडीत बसलात की सहल रद्द. कायमची."

शाळेत शिक्षिका दोनच. दुसरीला सायकल येत नव्हती. त्यामुळे निवड अगदी निःपक्षपाती झाली.

माझ्याकडे सायकल नव्हती. पुण्याला असलेला माझा धाकटा भाऊ दिपक याने नुकतीच स्कूटर घेतली होती, म्हणून त्याने आपली जुनी सायकल ट्रॅव्हल्सच्या टपावर टाकून पाठवली. डोंगरात चालवायची, जाड टायरची, गिअरची सायकल. सोबत हेल्मेट. माझे यजमान शिवहार यांनी ती अंगणात उभी करायचा प्रयत्न केला आणि ती आडवी झाली. त्यांनी पुन्हा उभी केली. ती पुन्हा आडवी झाली.

"हिला स्टँडच नाही," ते म्हणाले. आवाजात दुःख होतं.

शेजारच्या नर्मदाबाई कुंपणावरून बघत होत्या. त्या आत आल्या आणि मुलगी बघायला आल्यासारख्या सायकलीभोवती फिरल्या.

"कॅरिअर न्हाई. मडगार्ड न्हाई. ओढणी अडकू नाई म्हणून जाळी न्हाई. चेनला कव्हर न्हाई. बाई, तुमच्या भावानं निम्मीच पाठवली की."

या प्रकारची सायकल अशीच असते, वजन कमी ठेवायचं असतं, असं मी सांगून पाहिलं. नर्मदाबाईंनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. माहेरच्या माणसाची बाजू बाईने घ्यावीच लागते, हे त्यांना समजत होतं. हेल्मेट त्यांनी उलटसुलट केलं आणि विचारलं, "टोपल्याला भोकं काहून?" हवा खेळती राहावी म्हणून, असं मी म्हटलं. "मग घालायचंच काहून?" याला भौतिकशास्त्रात उत्तर आहे, पण नर्मदाबाई तोवर घरी गेल्या होत्या.

मेहुण्याने अर्धवट सायकल पाठवली, ही गोष्ट शिवहारांच्या फार मनाला लागली. तसं ते बोलले नाहीत. शनिवारी मी शाळेत असताना त्यांनी ती ग्यानबाच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात नेली आणि पूर्ण करून आणली. मी घरी आले तेव्हा अंधार पडला होता. अंगणात स्टँडवर एक सायकल उभी होती आणि ती माझी आहे हे मला सांगावं लागलं. कॅरिअर, मडगार्ड, जाळी, कव्हर, घंटी, कुलूप. मी ती उचलून पाहिली आणि पुन्हा उचलायची नाही असं ठरवलं.

रविवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी मला निरोप द्यायला संपतराव हजर होते. निरोप म्हणजे मी खरोखर सायकलवरच निघते आहे की नाही, ते बघायला. नर्मदाबाईंनी लिंबाचं सरबत भरून एक निळा डबा आणला होता. खांद्याला अडकवायचा पट्टा, पांढरं झाकण, आत गार राहील असं अस्तर. दवाखान्यातून मोडीत निघालेला तो डबा त्यांच्या मुलाने घरी आणला होता. "कॅरिअर हाय तं रिकामं काहून न्यायचं," असं म्हणून त्यांनी तो बांधला. मी हेल्मेट घातलं, पायडल मारलं आणि निघाले.

निघाले हा शब्द जरा जास्तच होतो. माझे पाय शिलाई मशीन चालवल्यासारखे फिरू लागले आणि सायकल अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या बाईच्या गतीने पुढे सरकली. मी जोर लावला. पाय आणखी फिरले. शिवहार माझ्या शेजारून चालत होते, हात मागे बांधून, अजिबात घाई न करता.

"गिअर बदलत नाहीये," मी हळूच म्हटलं.

"बदलणार नाही. ग्यानबानं बांधून टाकलाय. चेन एका चकतीवरून दुसरीवर उड्या मारत होती म्हणे. त्याला वाटलं, सायकलीत खोड आहे. मग त्यानं सगळ्यात मोठी चकती निवडली, चेन तिच्यावर चढवली आणि गिअरचा खटका तारेनं आवळून टाकला. मोठी ती मजबूत, असं म्हणाला."

मागची सगळ्यात मोठी चकती म्हणजे चढाची चकती. पायाला अगदी सोपी, पण पाय गरागरा फिरवावे तेव्हा चाक जरासं पुढे जाणार. सपाट रस्त्यावर तिचा उपयोग फक्त व्यायामासाठी.

"मग सोडवा ती तार."

"पक्कड ग्यानबाकडे आहे. तो दहाला दुकान उघडतो." शिवहारांनी मागे वळून पाहिलं. संपतराव फाटकात घड्याळ बघत उभे होते. "आता परत फिरलीस तर पाहणी झाली असं धरतील."

ते खरं होतं. मी पाय फिरवत राहिले. शिवहारांना दूध आणायचं होतं, म्हणून ते मला मागे टाकून पुढे निघून गेले.

गावाबाहेर पंचफुलाबाई शेळ्यामेंढ्या घेऊन डोंगराकडे निघाल्या होत्या. आमची गती सारखी असल्यामुळे आम्ही बराच वेळ सोबत होतो. एक शेळी कॅरिअरवरच्या डब्याचा पट्टा चघळू लागली.

"बाई," पंचफुलाबाईंनी शेवटी विचारलं, "पाय तं लई हलून राहिले, सायकल काहून हलंना?"

मी गिअरचं तत्त्व थोडक्यात सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे चालत गेलं असतं तं लवकर पोचले असते."

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी शेळ्यांना हळू केलं.

चढ लागला आणि पारडं फिरलं. वाट दगडांची, मध्येच पावसाळ्यात कापली गेलेली नाळ, दोन्ही बाजूंना बोरीबाभळी. पण ग्यानबाच्या त्या मजबूत चकतीवर मी जमिनीला पाय न लावता वर चढत गेले. दगडावरून उडत, घंटी आपोआप वाजत, मडगार्ड खडखडत. पंचफुलाबाई मागे पडल्या. शेळ्या तर केव्हाच मागे पडल्या. हे श्रेय ग्यानबाला द्यायला मी अजूनही तयार नाही.

माथ्यावर तांडा. मी घंटी वाजवत आत शिरले आणि पारूबाई नावाच्या एक बाई, तांड्याच्या नायकाच्या घरच्या, ओट्यावरून उठल्या. त्यांनी आधी हेल्मेट पाहिलं, मग निळा डबा. मग वळून मोठ्याने काहीतरी हाक मारली. घराघरांतून आया लेकरं काखेत मारून बाहेर आल्या.

तो पोलिओ डोसचा रविवार होता. हे मला माहीत असायला हवं होतं. गावभर फलक लागले होते.

"मी डोसवाली नाही," मी म्हटलं.

"मंग हे डबं?"

"त्यात सरबत आहे."

"मागच्या बारीची बी असंच म्हनली व्हती, लस सपली म्हणून. आमचा डोंगर चढाय नको म्हणून तुमी काही बी सांगता." पारूबाईंनी स्वतः डबा सोडला, झाकण उघडलं, वास घेतला आणि एक घोट प्यायल्या. चेहऱ्यावरचा राग उतरला. "गोड हाय. दे लेकरायला."

सगळ्या लेकरांना झाकणभर सरबत मिळालं. एका आजोबांनीही रांगेत उभं राहून घेतलं आणि मग करंगळी पुढे केली. डोस दिल्यावर करंगळीला शाईची खूण करतात, ती त्यांना हवी होती. मी ठाम नकार दिला. खूण बघून खरी डोसवाली परत गेली असती, आणि लिंबाच्या सरबताने पोलिओ टळतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. आजोबा रागावले. पिऊन घेतल्यावर खूण न करणं हा त्यांना सरकारचा खोटेपणा वाटला. पारूबाईंनी मला दही-भाकरी खाऊ घातली तेव्हा कुठे मला तिथून निघता आलं.

आता उतार होता आणि मी मनात म्हटलं, झालं, पुढचं सोपं. दोन्ही ब्रेक दाबले. ते फार मऊ दाबले गेले. सायकल आणखी वेगाने निघाली.

नंतर ग्यानबाने मला अभिमानाने सांगितलं, "बाई, समद्या सायकलीला तेल देलं व्हतं. एक जागा सोडली न्हाई. कुठं कुरकुर केली का?" ब्रेकच्या रबरांनी अजिबात कुरकुर केली नाही. चाकाच्या कडेवरून ती लोण्यावरून बोट फिरावं तशी फिरली. उतारावर मी गुरुत्वाकर्षण, जडत्व आणि औंढ्याचा नागनाथ यांचा त्याच क्रमाने विचार केला. पहिल्या दोघांचा उपयोग होणार नाही हे मला शिक्षणामुळे माहीत होतं. वाट जिथे वळली तिथे सायकल वळली नाही. समोर एका शेतात ज्वारीच्या कडब्याची गंजी होती आणि मी तिच्यात हेल्मेटपर्यंत शिरले. हेल्मेटच्या प्रत्येक भोकातून आत एकेक काडी गेली. नर्मदाबाईंचा प्रश्न मला तिथे पटला.

उरलेला उतार मी सायकल हातात धरून उतरले. म्हणजे तिने मला ओढत नेलं.

पण मी पोचले. धरणाच्या भिंतीवर उभी राहिले आणि समोर पाणी होतं, डोळ्यांत मावणार नाही एवढं, वाऱ्याने बारीक सुरकुत्या पडलेलं. कडेला जाळी वाळत होती. नववीतली दिपाली एकदा वर्गात म्हणाली होती, "बाई, पाणी निळं असतंय का हिरवं?" मी प्रकाशाच्या विकिरणावर तिला पंधरा वाक्यं ऐकवली होती. आता वाटलं, तिला इथे आणून उभं केलं असतं तर एकही वाक्य लागलं नसतं.

धरणावरचे मासेमार चांगले लोक निघाले आणि तेच संकट झालं. माझ्या केसांतला कडबा बघून त्यांनी मला न विचारता सायकल टेम्पोत चढवली आणि ड्रायव्हरशेजारी बसायला जागा पुसून दिली. मला ती अट पहिल्यापासून सांगावी लागली. त्यांनी सायकल उतरवली, पण तो प्रश्न सोडायला ते तयार नव्हते. जीप न्हाई, टेम्पो न्हाई, बैलगाडी न्हाई. पण नावंचं नाव घेतलंय का? नावंला तं चाक नसतंय, असं एक जण म्हणाला. मी म्हटलं, नाव डोंगरावर चढत नाही. यावर त्यांनी विचार केला आणि ते मान्य केलं.

परतीचा चढ पुन्हा चढून मी माथ्यावर आले. तांडा ओलांडला. औंढ्याकडचा तीव्र उतार सुरू होतो तिथे वाटेत एक मोटारसायकल घाणेरीच्या झुडपात चाक वर करून पडली होती. शेजारी दगडावर आमचे सचिव. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, आणि पारूबाई त्यांच्या सुजलेल्या घोट्याला हळद-चुना लावत होत्या.

"संपतराव, तुम्ही इथे?"

"पाहणीला आलतो," ते म्हणाले. थोड्या वेळाने जरा खाली आवाजात, "म्हणजे, तुमची पाहणी बराबर चालू हाय का, त्याची."

"मी जीपमध्ये बसले आहे का, ते बघायला."

ते घोट्याकडे बघत राहिले.

त्यांची तकलीफ घोट्यापुरती नव्हती. संध्याकाळी त्यांच्या घरी पुतणीची सोयरीक होती. दिवस मावळताना पाहुणे येणार आणि घरातला कर्ता माणूस डोंगरावर दगडावर बसलेला. मोटारसायकलचं पुढचं चाक वाकलं होतं. तांड्याची जीप बाळापूरच्या बाजारी गेली होती. बैलगाडी होती, पण ती डोंगराला वळसा घालून जाणार आणि पाहुणे जेवून गेल्यावर पोचणार.

पारूबाईंनी हात धुतले आणि इकडेतिकडे बघून म्हटलं, "ह्या बाईच्या सायकलीला मागं बसाय हाय की."

संपतरावांनी कॅरिअरकडे पाहिलं. मीही पाहिलं. शिवहारांच्या दुःखातून निर्माण झालेलं ते कॅरिअर खरोखर मजबूत होतं.

"बाई, तुमाला नीट चालवता येतंय का?"

"तेच बघायला आला होतात ना?" मी म्हटलं. मग मला एक खुलासा करून घ्यावासा वाटला. "दुसऱ्याच्या गाडीत बसायचं नाही ही अट फक्त मलाच आहे ना?"

पारूबाईंच्या खांद्याला धरून संपतराव उठले आणि एका बाजूला दोन्ही पाय सोडून, जाळीला धरून बसले.

ब्रेक लागत नाहीत हे मी आधीच सांगितलं. पारूबाईंचे यजमान उत्तमसिंग हसले आणि घरातून बैलाचा कासरा घेऊन आले. एक टोक कॅरिअरला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला. तीव्र उतार संपेपर्यंत आमच्या संस्थेचे सचिव अशा रीतीने दोरीने हळूहळू डोंगराखाली सोडण्यात आले. मागून उत्तमसिंग बैलांना घालतात तसे आवाज काढत होते. सवयीने, असं ते नंतर म्हणाले. पुढे वाट सौम्य झाली तेव्हा त्यांनी कासरा सोडला आणि आम्ही दोघं घरंगळत निघालो.

"बाई, गावाबाहेरच थांबवा," मागून आवाज आला. "शिवेवरच्या लिंबापाशी. मी तिथून जाईन."

"चालत?"

"लंगडत."

लिंब आला. मी दोन्ही ब्रेक दाबले. लिंब गेला.

"थांबवा म्हनलं ना."

"घर्षण नाही."

"काय न्हाई?"

मी ग्यानबाचं तेल थोडक्यात समजावलं. तेवढ्यात उतार संपला आणि आम्ही बाजारपेठेच्या तोंडाशी होतो. संपतरावांनी उपरणं टोपीवरून घेऊन चेहऱ्यापुढे धरलं. "मग आता पळवा तरी. जोरात काढा."

मी पाय फिरवले. जीव तोडून फिरवले. शिलाई मशीन सुरू झालं आणि सायकल तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या गतीने पेठेत शिरली.

त्या गतीचा एक फायदा असा, की कोणाचंही काही बघायचं राहून जात नाही. किराणावाल्याने तराजू खाली ठेवला, गिऱ्हाइकाला दाखवलं आणि पुन्हा उचलला तरी आम्ही त्याच्याच दुकानासमोर होतो. प्रसादाचे पेढे विकणारे, नारळवाले, दर्शन करून आलेले परगावचे लोक, सगळ्यांना पुरेसा वेळ मिळाला. ग्यानबा दुकानातून बाहेर आला, खाली वाकला आणि आमच्याबरोबर चालत चालत त्याने कॅरिअरचे नट तपासले. "बघा," तो म्हणाला, "दोन माणसाचं वजन बराबर धरून राहिलं."

नर्मदाबाई भाजी घेत होत्या. "बाई, ही मागं बसलेली कोन?" त्यांनी विचारलं. मग त्यांची नजर उपरण्याखालून बाहेर आलेल्या, गावभर ओळखीच्या पांढऱ्या बुटांवर गेली. "अगं बया. संपतराव, पाहुणे आलेत ना तुमच्याकडं."

संपतरावांचं घर शाळेच्या समोरच आहे. पाहुणे दारातच उभे होते. सूर्य शाळेच्या छपराला टेकला होता. मी फाटकाशी पाय टेकवून सायकल थांबवली. कर्त्या पाहुण्याने, मुलाच्या काकांनी, आधी माझ्या हेल्मेटकडे पाहिलं आणि मग उपरण्यातून बाहेर येणाऱ्या व्याह्याकडे.

"हे काय, संपतराव?"

मी हेल्मेट काढून त्यातला कडबा झटकू लागले. संपतरावांनी टोपी सरळ केली, एका पायावर उभे राहिले आणि खाकरले.

"आमच्या शाळेच्या मुली सिद्धेश्वरला सायकलवर चालल्यात. वाट कशी हाय, ते सचिव या नात्यानं मी स्वतः सायकलवर बसून पाहून आलो." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "वाट चांगली हाय."

"मुलींसाठी एवढं?" काकांना भरून आलं. "अशा घरात सोयरीक म्हणजे आमचं भाग्य."

त्यानंतर नाही म्हणायला काही वाव राहिला नाही.

सोमवारी सूचना फलकावर कार्यकारिणीचा निर्णय लागला. सहल मंजूर. शेवटी सचिवांच्या प्रत्यक्ष अनुभवावरून घातलेली एकच अट: प्रत्येक मुलीच्या सायकलला मजबूत कॅरिअर असलंच पाहिजे.

ब्रेकबद्दल त्यात काही नव्हतं. सहलीच्या आदल्या दिवशी सगळ्या मुलींच्या सायकली ग्यानबाच्या दुकानात कॅरिअर बसवायला गेल्या, तेव्हा मी संध्याकाळपर्यंत तिथे बसून होते. तेलाचा डबा मांडीवर घेऊन.